मंडळीच्या परवानगीपासून रंगमंचापर्यंत : ख्रिस्ती विषयांवरील भरतनाट्यमच्या संपूर्ण मार्गमचा माझा प्रवास

२७ जानेवारी २०२४ रोजी अहमदनगरमध्ये, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, मी ख्रिस्ती विषयांवर आधारलेला भरतनाट्यमचा संपूर्ण मार्गम, म्हणजे एका प्रयोगातील रचनांचा ठरलेला पूर्ण क्रम, सादर केला. पहिला अर्ज लिहिल्यापासून त्या संध्याकाळपर्यंत जवळजवळ वीस महिने गेले. या काळात कोणाकडे काय विचारावे, कोणता कागद आधी लागतो आणि कोणता नंतर, हे सांगणारे मला कोणी भेटले नाही. गेल्या वर्षभरात वसई, पुणे आणि छत्रपती संभाजीनगर येथील तीन ख्रिस्ती मुलींनी मला हेच प्रश्न विचारले. त्यांना तुकड्यातुकड्यांनी उत्तरे देण्यापेक्षा सगळे क्रमाने लिहून ठेवावे, असे वाटले.

मी १९९८ साली, नऊ वर्षांची असताना नृत्य शिकू लागले. आमचे कुटुंब चार पिढ्यांपासून ख्रिस्ती असून आजोबा मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच होते. आईने मला वर्गात घातले तेव्हा आजीने एकच अट घातली होती, की नटराजाच्या मूर्तीला मी नमस्कार करायचा नाही. माझ्या गुरूंना, ज्यांना आम्ही सगळ्या ताई म्हणतो, आईने हे संकोचत सांगितले. ताई म्हणाल्या, "ती भूमीनमस्कार करील ना? ज्या जमिनीवर आपण पाय आपटणार तिची क्षमा मागायला कोणत्याच धर्माची हरकत नसते." पुढची सोळा वर्षे त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून एकेक करत २०१४ साली मी विशारद झाले. लेखी परीक्षेसाठी 'आंगिकं भुवनं यस्य' हा शिवस्तुतीचा ध्यानश्लोक अर्थासह पाठ केला, अभिनयदर्पण या ग्रंथातील २८ असंयुत हस्त (एका हाताच्या मुद्रा) आणि त्यांचे विनियोग म्हणजे वापर पाठ केले, देवतांच्या मुद्रा म्हणजे देवहस्तही पाठ केले. मात्र ज्या कथा मी लहानपणापासून रविवारच्या शाळेत ऐकल्या होत्या, त्यांच्यासाठी त्या यादीत एकही हस्त नव्हता, आणि ही उणीव मला विशारद झाल्यावर अधिक जाणवू लागली.

६ जून २०२२ रोजी मी आमच्या मंडळीच्या पंच कमिटीला पहिला अर्ज दिला. त्यात मी लिहिले होते, की नाताळच्या उपासनेत भरतनाट्यम सादर करण्याची परवानगी मिळावी. कमिटीची सभा महिन्यातून एकदाच होते. जूनच्या सभेत विषय पुढे ढकलला गेला, जुलैची सभा झाली नाही, आणि ऑगस्टच्या शेवटी मंडळीचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, यांनी मला बोलावून नकार कळवला. आक्षेप तीन होते. हे नृत्य देवळातले आहे, पोशाख उपासनेला शोभणारा नाही, आणि लोकांचे लक्ष प्रभूवरून नाचणारीवर जाईल. मला वाईट वाटले आणि दोन दिवस रागही आला. नंतर अर्ज पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आले, की मी कमिटीपुढे पाहण्यासारखे काहीच ठेवले नव्हते. कोणती कथा, किती मिनिटे, कोणते शब्द, कोणते कपडे, यातले काहीही त्या अर्जात नव्हते. परंपरेचे नाव घेऊन सरसकट परवानगी मागितली, की समोरचे लोकही सरसकट नकार देतात. माझ्या अनुभवातून पुढच्या मुलींना काही उपयोगाचे असेल, तर बहुधा हेच.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर मी वाचनात घालवले. या वाटेवर माझ्याआधी कोणी चालले असेल, याची मला पुरेशी कल्पना नव्हती. मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रोक्श यांनी ख्रिस्ती कथांवरील भारतीय नृत्यनाट्ये उभी केली होती. फ्रान्सिस बार्बोझा यांनी धर्मगुरू असतानाच बडोद्याला भरतनाट्यमचे शिक्षण घेतले आणि ख्रिस्ती विषयांसाठी स्वतंत्र हस्त रचले. येशूसंघाचे फादर साजू जॉर्ज कोलकात्याजवळ 'कलाहृदय' ही संस्था चालवतात आणि स्वतः भरतनाट्यम सादर करतात. हे तिघेही कॅथलिक परंपरेतले आहेत आणि आमची मंडळी प्रॉटेस्टंट आहे, त्यामुळे त्यांचे दाखले आमच्या कमिटीपुढे किती चालतील याची मला शंका होती. तरीही कोणीतरी शास्त्र न मोडता हे केले आहे, एवढ्या माहितीनेच मला धीर आला.

खरा आधार मला तंजावरात सापडला. आज भरतनाट्यमच्या प्रत्येक वर्गात अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा जो क्रम शिकवला जातो, तो ज्या चार भावांनी बसवला ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारातले होते. हे राजे भोसले घराण्यातले. त्यांनी स्वतः नृत्यासाठी मराठीत निरूपणे रचली, आणि मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी ती विसाव्या शतकात पुन्हा रंगमंचावर आणली. त्याच सरफोजीराजांचे शिक्षण ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले होते. श्वार्ट्झ १७९८ साली वारले, तेव्हा राजांनी त्यांचे संगमरवरी स्मारक इंग्लंडमधील शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे, आणि मृत्युशय्येवरील गुरूचा हात राजाने हातात घेतला आहे असे त्यात कोरलेले आहे. श्वार्ट्झ यांचे आणखी एक शिष्य म्हणजे तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४). सरफोजीराजांनी त्यांना आश्रय दिला, आणि त्यांनी बेथलेहेमच्या कथेवर कुरवंजी लिहिली. कुरवंजी हा नृत्यनाट्याचाच प्रकार आहे. म्हणजे मार्गमची घडी ज्या दरबारात बसली, त्याच दरबाराच्या छायेत ख्रिस्ती कुरवंजी जन्मली, आणि तो दरबार मराठी होता. हे वाचले त्या रात्री मी ताईंना दूरध्वनी केला. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, मग तू कोणाच्या परवानगीची वाट पाहतेस? बसव की!"

१५ ऑक्टोबर २०२२ रोजी दुसरा अर्ज दिला. तो दीड पानांचा होता. त्यात उपासनेचा उल्लेख नव्हता, तर उपासना संपल्यानंतर मंडळीच्या सभागृहात बारा मिनिटांचे प्रात्यक्षिक, तेही आधी फक्त कमिटीपुढे, एवढेच मागितले होते. सोबत गाण्याचे पूर्ण शब्द टंकून जोडले, पोशाखाचे छायाचित्र जोडले, आणि तीन शास्त्रसंदर्भ दिले: निर्गमाच्या पंधराव्या अध्यायातील डफ घेऊन निघालेली मिर्याम, दुसऱ्या शमुवेलाच्या सहाव्या अध्यायातील, कराराच्या कोशापुढे सर्व बळानिशी नाचणारा दावीद, आणि दीडशेवे स्तोत्र, ज्यात वाद्यांबरोबर नृत्यानेही स्तवन करण्यास सांगितले आहे. दावीदाला नाचताना पाहून मीखलने मनात तुच्छ मानले, हेही त्याच अध्यायात आहे. ते मी लपवले नाही, कारण कमिटीतले ज्येष्ठ ते काढणारच होते.

१२ नोव्हेंबरला, शनिवारी दुपारी, अकरा जणांपुढे मी कबरेपाशी रडणारी मग्दालीया मरीया सादर केली. योहानकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात ती पुनरुत्थित प्रभूला ओळखत नाही आणि माळी समजते. प्रभू तिला नावाने हाक मारतो, आणि ती वळून 'रब्बूनी' म्हणते. भरतनाट्यममध्ये विरहिणीच्या अभिनयाची इतकी समृद्ध परंपरा आहे, की हा प्रसंग जणू तिच्याचसाठी लिहिला गेला असावा, असे मला नेहमी वाटते. सगळा भार त्या एका वळण्यावर आहे. पाठमोरी असताना हाक ऐकू येते, आधी मान थबकते, मग खांदा, आणि शेवटी नजर. त्या चार मात्रांसाठी मी सहा आठवडे दिले होते. प्रात्यक्षिक संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सर्वात कडक विरोध केलेले एक ज्येष्ठ पंच उठले आणि त्यांनी प्रार्थना करू का, असे विचारले. लेखी परवानगी १९ दिवसांनी मिळाली, आणि ९ एप्रिल २०२३ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी (ईस्टरला), उपासनेनंतर सभागृहात मी तो तुकडा सर्व मंडळीपुढे सादर केला.

आजी तेव्हा ८८ वर्षांची होती. ती पहिल्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर तिने फक्त माझे पाय हातात घेऊन चोळले.

त्यानंतर संपूर्ण मार्गमचे काम सुरू झाले. हस्तांचा प्रश्न सर्वात आधी सोडवावा लागला. क्रुसावरच्या ख्रिस्तासाठी दोन्ही बाहू पसरणे सर्वांना समजते, पण संचारीमध्ये, म्हणजे एका ओळीचा अर्थ फुलवून दाखवताना, दर वेळी बाहू पसरले तर हालचाल तुटते. मी एक हात पताकात (बोटे जुळवून सरळ तळवा) उभा धरून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने तळव्याच्या मध्याला स्पर्श करायचा, आणि मग तेच उलट बाजूने, असा हस्त ठरवला. पुढे कळले, की अमेरिकी सांकेतिक भाषेत कर्णबधिर लोक येशूसाठी हीच खूण करतात. पवित्र आत्म्याच्या कबुतरासाठी मात्र नवे काही शोधायची गरज नव्हती, कपोत हस्त शास्त्रातच आहे. नवीन हस्त कमीत कमी ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे. शास्त्रात जे आहे ते पुरेसे ताणून पाहिल्याशिवाय नवे घडवले, की प्रेक्षकाला समजत नाही आणि परीक्षकालाही पटत नाही.

वर्णमसाठी, म्हणजे मार्गममधल्या सर्वात मोठ्या रचनेसाठी, मी योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्री घेतली. भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली, गावाने बोलणे टाकलेली ही स्त्री. एक अनोळखी यहूदी पुरुष तिच्याकडे पाणी मागतो, आणि शेवटी ती घागर तिथेच टाकून गावाकडे धावते. टाकलेली घागर हा वर्णमचा शेवट ठरला. पदाच्या, म्हणजे अभिनयप्रधान गीताच्या, जागी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा एक अभंग घेतला. टिळक (१८६१–१९१९) आमच्याच नगरमध्ये राहून गेले, आणि त्यांची गीते मी बोलायला लागल्यापासून उपासनेत ऐकत आले आहे. अभंगाचा भजनी ठेका आठ मात्रांचा आणि आदितालही आठ मात्रांचा, त्यामुळे मृदंगवादकांना जुळवून घ्यायला वेळ लागला नाही. मरीयेचा तुकडा जोगिया रागात बांधला, कारण तो प्रसंग पहाटेचा आहे.

शब्दांच्या हक्कांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे माझी चूक होता होता राहिली. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणून टिळकांचे शब्द कोणीही वापरू शकतो. परंतु त्यांच्या गीताला एखाद्या हयात संगीतकाराने दिलेली चाल किंवा कोणी केलेले ध्वनिमुद्रण मुक्त असेलच असे नाही. बायबलचेही तसेच आहे. आज मंडळीत वाचल्या जाणाऱ्या भाषांतरांचे हक्क बहुधा प्रकाशकांकडे असतात आणि मोठा उतारा गायचा असेल तर त्यांना पत्र लिहावे लागते. मी पंडिता रमाबाईंचे भाषांतर वापरले. त्या १९२२ साली वारल्या, त्यामुळे अडचण आली नाही, आणि त्यांची साधी, उघडी मराठी नृत्याला फार मानवते. चाली आम्ही स्वतः नव्याने बांधल्या आणि संगीतकाराकडून तसे एका पानावर लिहून घेतले. सभागृहाच्या व्यवस्थापकांनी पुढे हाच कागद मागितला.

जून २०२३ मध्ये पाळकसाहेबांची बदली झाली. नव्या पाळकसाहेबांना सारे पुन्हा सांगावे लागले. लेखी परवानगीची प्रत, प्रात्यक्षिकाचे चित्रीकरण आणि दोन्ही अर्ज मी एका धारिकेत ठेवले होते म्हणून हे काम एका भेटीत झाले. तोंडी होकारावर विसंबले असते, तर पुन्हा जूनपासून सुरुवात करावी लागली असती.

कार्यक्रम मंडळीच्या आवारात न करता शहरातील सभागृहात करायचे ठरले, कारण इतर धर्मांच्या रसिकांनीही यावे अशी ताईंची इच्छा होती. सभागृह चार महिने आधी आरक्षित केले. निवेदन आणि गीते असलेल्या जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी, असा सल्ला व्यवस्थापकांनी दिला. सप्टेंबरमध्ये संहितेच्या प्रती जोडून अर्ज केला आणि पाच आठवड्यांनी प्रमाणपत्र हाती आले. निवेदनातले एखादे वाक्य नंतर बदलावेसे वाटेल, तर ते पाठवण्यापूर्वीच बदलून घ्यावे. स्थानिक पोलीस ठाण्यात मी वेगळा अर्ज दिला आणि त्यासाठी दोनदा जावे लागले.

खर्च असा झाला. वादकांचे मानधन आणि सरावासाठीचे ध्वनिमुद्रण ४६,००० रुपये, दोन पोशाख आणि दागिने १९,५०० रुपये, सभागृहाचे भाडे १४,००० रुपये, प्रकाशयोजना ९,००० रुपये, आणि छपाई, फुले, प्रवास, चहापाणी मिळून ७,५०० रुपये. एकूण ९६,००० रुपये. तिकीट ठेवले नव्हते. दारातील पेटीत ४१,३०० रुपये जमले आणि उरलेले ५४,७०० रुपये मी बचतीतून घातले. पहिल्या प्रयोगात खर्च भरून निघेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. पैसे वाचवायचे असतील तर प्रकाशयोजनेत वाचवावेत, जिवंत साथीत वाचवू नयेत. नट्टुवांगम करणाऱ्या, म्हणजे झांजा वाजवत बोल म्हणणाऱ्या ताई, गायिका, मृदंग आणि बासरी हे सारे समोर असताना अभिनयाला जो अवकाश मिळतो, तो ध्वनिमुद्रणावर मिळत नाही. मरीयेच्या वळण्यापूर्वी गायिका माझ्या श्वासासाठी थांबली, ते यंत्राने केले नसते.

पोशाखाविषयी बराच खल झाला. मी पांढऱ्या रेशमाचा, लाल काठाचा पोशाख शिवून घेतला. कपाळावर टिकली लावली, कारण ती चेहऱ्याच्या अभिनयात भुवयांचा मध्य दाखवते आणि माझी आईही रोज लावते. शेवटच्या भागासाठी मात्र डोक्यावरचे दागिने काढून टाकले. दोन्ही बाजूंनी प्रश्न आलेच. मंडळीतल्या एका बाईंनी टिकलीविषयी विचारले, आणि एका नृत्यस्पर्धेच्या परीक्षकांनी, ध्यानश्लोकाला मी वगळणार का, असे विचारले. मी वगळला नाही. शास्त्र ज्यांनी जपले त्यांचा श्लोक त्यांच्या अर्थासह म्हणायचा आणि त्यानंतर माझ्या विषयाकडे जायचे, हे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

प्रयोग एक तास चाळीस मिनिटे चालला. वर्णममध्ये एका जतीत (बोलांवरच्या शुद्ध नृत्याच्या तुकड्यात) माझा डावा पाय घसरला आणि पुढच्या समेवर मी सावरले. सुमारे २८० माणसे होती. शेवटी नव्या पाळकसाहेबांनी आणि ताईंनी एकत्र दीप शांत केला.

त्यानंतर मंडळीतल्याच पालकांनी वर्गाविषयी विचारायला सुरुवात केली. जून २०२४ मध्ये मी वर्ग सुरू केला. कागदपत्रे वाटली होती त्यापेक्षा सोपी निघाली. लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन आणि विनामूल्य होते. महाराष्ट्रात तेव्हा, २०२४ साली, दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनेला दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली परवान्याऐवजी फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागत असे. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणीची सामान्यतः गरज पडत नाही. उद्यम नोंदणी आणि ही सूचना या दोन पावत्यांवर बँकेत चालू खाते उघडले. दलालाने यासाठी ३,५०० रुपये मागितले होते, ते देऊ नयेत. जागेसाठी मात्र सहा ठिकाणी फिरावे लागले, कारण पायांच्या आवाजाची धास्ती खालच्या मजल्यावरच्या लोकांना असते. तळमजल्याचीच जागा शोधावी आणि फरशी सिमेंटवर बसवलेल्या कडप्प्याची असेल, तर गुडघ्यांसाठी लाकडी फळ्या टाकून घ्याव्यात.

आज वर्गात १७ मुली आणि २ मुलगे आहेत. नऊ जण ख्रिस्ती आहेत, बाकीचे हिंदू आणि मुस्लिम. सर्वांना एकच अडवू (मूळ पदन्यास), एकच अरमंडी (अर्धी बैठक) आणि एकच अभ्यासक्रम शिकवते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल–मे आणि नोव्हेंबर–डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. पालक दहावीच्या वाढीव गुणांविषयी पहिल्याच दिवशी विचारतात, त्यांना मी सांगते की गुण मिळतात, पण त्यासाठी मुलीला काही वर्षे सलग परीक्षा द्याव्या लागतात.

२०२५ च्या पुनरुत्थानाच्या सणाआधी पंच कमिटीचे पत्र आले. २० एप्रिल २०२५ रोजी पुनरुत्थानाच्या पहाटेच्या उपासनेत, साडेपाच वाजता, आवारातल्या चिंचेखाली मरीयेचा तुकडा करावा, अशी विनंती त्यात होती. अर्ज मी केला नव्हता. होकार कळवताना मी तीन गोष्टी लिहून मागितल्या: जमिनीवर आठ बाय आठ फुटांचा लाकडी चौथरा, कारण सतरंजीवर पाय घसरतो आणि खडीवर घुंगरू बांधून उभे राहता येत नाही, चौथऱ्याजवळ एकच पिवळा दिवा, आणि गायिकेला बसायला जागा, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर.